रसायनशाळेंतला झारेकरी

सोनारआळींत झारेकऱ्याची फेरी पूर्वीं ठरलेली असे. दुकानांतला केर तो पैसे मोजून घेई. कानशीखालीं उडालेला कीस, मुशीला चिकटलेला कण, शेगडींतली राख, फडक्यावरची धूळ, हें सर्व पाटींत भरून तो पाण्यावर नेई आणि माती वाहून जाईपर्यंत हलक्या हातानें हालवीत राही. शेवटीं पाटीच्या तळाशीं जें चकाके त्यावर त्याचें पोट चाले. सोनार मूर्ख नव्हता आणि झारेकरी जादूगार नव्हता. एकाची नजर दागिन्यावर होती, दुसऱ्याची जमिनीवर. एवढाच काय तो भेद. केर कशाला म्हणावें हें केर टाकणाराच्या सांगण्यावरून ठरवूं नये, हा झारेकऱ्याच्या धंद्याचा पहिला नियम होय.

गुजरीची सराफी पेठ आणि जवळच्या हुपरीचें चांदीकाम यांमुळें कोल्हापुरास सोन्यारुप्याची पारख नवी नाहीं. याच शहरांत विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत रुप्याचा आणखी एक उद्योग आला. त्याला कोणी सोनारकाम म्हटलें नाहीं; लोक त्याला सिनेमा म्हणूं लागले. महाराष्ट्र फिल्म कंपनी, प्रभात आणि मंगळवार पेठेंतील जयप्रभा स्टुडिओ हीं नांवें मराठी घरांत आजहि आदरानें घेतलीं जातात. पडद्यावरच्या चित्रांची कथा पुष्कळदां सांगितली गेली आहे. परंतु पडद्यावर येण्यापूर्वीं चित्राला जी अंधारी खोली ओलांडावी लागते, तेथें काय वायां जात होतें, तें कसें ओळखलें गेलें आणि कसें वांचविलें गेलें, हा इतिहास तितकाच उद्बोधक आहे. त्याचा शेवट मात्र निखळ सुखाचा नाहीं.

प्रथम या खोलींतील व्यवहार समजून घेणें अवश्य आहे. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी. तिच्या एका अंगावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरांत रुप्याच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो त्यांत डोळ्यांना न दिसणारा फरक होतो. डेव्हलपर नांवाच्या द्रावांत पट्टी बुडविली कीं तेवढ्याच कणांतून काळें रुपें सुटें होतें आणि चित्र उमटतें. ज्यांना प्रकाश लागला नाहीं ते क्षार तसेच राहतात. ते काढून टाकले नाहींत तर उजेडांत सारी पट्टी हळूहळू काळवंडेल. त्यांना विरघळविणारें द्रव्य म्हणजे हायपो. त्याचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं नोंदविला होता. १८३९ सालीं छायाचित्रणाची कला जगापुढें आली तेव्हां तो कामास आला. सारांश, पट्टींतील रुपें दोन वाटांनीं जातें. कांहीं चित्र होऊन पट्टीवर राहतें, उरलेलें हायपोंत उतरतें. सर्वसाधारण कृष्णधवल चित्रांत हायपोंत उतरणारा वांटा बहुधा निम्म्याहून अधिक असतो. वापरून झालेला हायपो मोरींत ओतणारा मनुष्य अर्ध्याहून अधिक चांदी मोरींत ओतीत असे, आणि त्याला तें दिसत नसे; कारण विरघळलेली चांदी चकाकत नाहीं.

कोल्हापुरांत हा उद्योग उभा राहिला तो बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे बाबूराव पेंटर, आणि त्यांचे बंधु आनंदराव यांच्या हातांनीं. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे हे कारागीर. चित्रपटाचा कॅमेरा आपण स्वतःच घडवावा, असा ध्यास त्यांनीं घेतला. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० सालीं पुण्यांत प्रकाशित झाला. कॅमेरा घरीं घडवितां आला. फिल्म मात्र घरीं घडवितां येत नव्हती. ती सातासमुद्रांपलीकडून डब्यांत बंद होऊन येई. कच्ची फिल्म देशांत तयार व्हावी म्हणून उटकमंड येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली ती १९६० सालीं. तोंपर्यंत चाळीस वर्षें कोल्हापूरच्या निर्मात्याला पट्टीचा प्रत्येक फूट परदेशी मालाच्या भावानेंच मोजावा लागला.

त्या फुटांचा हिशेब साधा आहे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. मूकपटाच्या काळीं सेकंदाला साधारण सोळा चित्रें घेत. म्हणजे मिनिटाला साठ फूट पट्टी लागे. बोलपट आला आणि वेग सेकंदाला चोवीस चित्रांवर स्थिर झाला. मिनिटाला नव्वद फूट पट्टी जाऊं लागली. नटाची जीभ अडखळली, घोडा वेळेआधीं उधळला, ढग आडवा आला, कीं हे फूट गेले. ही नासाडी दिसणारी होती, म्हणून ती आवरण्याचे उपायहि लवकर सुचले. तालमी कसून घेणें, प्रसंगाचें चित्र आधीं कागदावर रेखाटून कॅमेऱ्याची जागा निश्चित करणें, रिळाच्या शेवटीं उरलेले कोरे तुकडे जपून ठेवून लहान दृश्यांसाठीं वापरणें, हे मार्ग सर्वत्र प्रचारांत आले. चित्रकार असलेल्या दिग्दर्शकास त्यांतला दुसरा मार्ग स्वभावतःच साधणारा होता.

खरी कठीण नासाडी होती ती न दिसणारी, अंधाऱ्या खोलींतली. त्या काळीं लांकडी चौकटींवर किंवा पिंपांवर पट्टी गुंडाळून ती द्रावाच्या टांकींत बुडवीत. जुनी फिल्म तांबड्या रंगास आंधळी असे, म्हणून तांबड्या दिव्याच्या मंद उजेडांत धुणारा कारागीर चित्र उमटतांना पाहूं शके आणि नजरेच्या अंदाजानें पट्टी बाहेर काढी. हा अंदाज ही मोठी कला होती. पण कला थकते. सकाळचा हात आणि रात्रीचा हात एक नसतो. एकाच दृश्याचे दोन तुकडे, एक काळा आणि एक फिका, असे निघाले तर दोष कॅमेऱ्याचा, उजेडाचा कीं धुण्याचा, हें सांगणें दुरापास्त होई. दोष कोठें आहे हें कळेना, म्हणून उपायहि होईना. आणि उपाय होईना म्हणून पट्टी पुन्हां खर्ची पडे.

नासाडी ओळखण्याचा मार्ग निघाला तो मोजमापांतून. फर्डिनांड हर्टर आणि व्हीरो ड्रिफील्ड या इंग्लंडांतील दोघां रसायनज्ञांनीं, पट्टीवर किती प्रकाश पडला म्हणजे किती काळेपण येतें याचा संबंध मोजून १८९० सालीं प्रसिद्ध केला होता. त्या शोधाचें मर्म असें कीं, द्रावाचें मिश्रण, त्याची उष्णता आणि धुण्याचा वेळ या तीन गोष्टी कायम ठेवल्या तर फळहि कायम राहतें. मग दोष आढळला तर तो त्या तिहींपैकीं कशांत आहे हें एकेक तपासून काढतां येतें. मोठें रीळ टांकींत सोडण्यापूर्वीं त्याच दृश्याचा हातभर तुकडा धुवून पाहण्याची रीत याच विचारांतून आली. हातभर तुकडा बिघडला तर हातभरच गेला. पुढें सर्व रंगांस जागी असणारी फिल्म आली, तिला तांबडा दिवाहि चालेना, आणि नजरेची जागा घड्याळानें व उष्णतामापकानें घेतली. बोलपटानें तर ही शिस्त सक्तीचीच केली, कारण पट्टीच्या कडेस उमटणारी आवाजाची रेघ कमीअधिक काळी झाली कीं बोललेला शब्द फाटतो. डोळा थोडी चूक पोटांत घालतो, कान घालीत नाहीं. प्रभात कंपनी कोल्हापुरांत १९२९ सालीं स्थापन झाली आणि ‘अयोध्येचा राजा’ हा तिचा बोलपट १९३२ सालीं प्रकाशित झाला. या तीनच वर्षांच्या अवधींत नजरेच्या कारागिरीला मोजमापाची जोड देण्याचें काम कोल्हापूरच्या मंडळींस करावें लागलें.

उष्ण हवेच्या देशांत यांतल्या उष्णतेच्या अटीनें फार छळलें. डेव्हलपर ६५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असावा, असें परदेशी पुस्तकें सांगत. वैशाखांत टांकींतलें पाणी आपण होऊन त्याच्या वर चढतें. जिलेटिन फुगतें, सुरकुततें आणि चित्र पट्टीवरून सुटूं पाहतें. त्यावर बर्फ आणि रात्रपाळी हे उपाय होते. पाण्यांतला गाळ, वाळवितांना बसणारी धूळ, वारंवार वापरून मंदावलेला द्राव, हे लहान दिसणारे शत्रूहि तितकेच महाग पडत. पाणी फडक्यांतून गाळणें, वाळवण्याची खोली बंद ठेवणें, द्रावांत किती फूट पट्टी धुतली याची वही ठेवणें, असे त्यांवरचे उपाय अगदीं घरगुती होते. त्यांतली वही सर्वांत मोलाची. जें लिहिलें जात नाहीं तें वायां गेलेलें कळत नाहीं.

मात्र प्रत्येक काटकसर ही काटकसर नसते. हायपोंतून निघालेली पट्टी स्वच्छ पाण्यांत पुरेशी धुतली नाहीं तर हायपोचा अंश थरांत राहतो आणि कांहीं वर्षांनीं चित्र पिवळें पडून विटूं लागतें. पाणी वांचविणाराला तें त्या दिवशीं दिसत नाहीं. याला शहाणा उपाय होता. पट्टी एका टांकींतून दुसऱ्या टांकींत पुढें जावी आणि पाणी उलट्या दिशेनें मागें यावें. म्हणजे सर्वांत मळकी पट्टी वापरलेल्या पाण्यांत आणि सर्वांत स्वच्छ पट्टी ताज्या पाण्यांत पडते. पाणीहि कमी लागतें आणि धुणेंहि पुरें होतें. काटकसर आणि कंजूषपणा यांतला भेद या दोन टांक्यांत सांठविलेला आहे.

आपली चूक आपल्याला लवकर कळणें हीच नासाडी टाळण्याची पहिली अट, हें प्रभातला एका प्रयोगानें शिकविलें. १९३३ सालीं कंपनीनें ‘सैरंध्री’ हाच विषय घेऊन रंगीत बोलपट काढला. त्याचें धुणें आणि छपाई जर्मनींत झाली. रंग मनासारखे उतरले नाहींत आणि प्रयोग फसला. चित्र घेणारा कोल्हापुरास आणि तें धुणारा समुद्रापलीकडे, अशा स्थितींत हातभर तुकडा धुवून पाहण्याची सोय कोठून असणार? त्याच वर्षीं प्रभात पुण्यास गेली.

प्रभात गेली तरी कोल्हापूरचा उद्योग थांबला नाहीं. १९३३ सालींच छत्रपति राजाराम महाराजांच्या आश्रयानें मंगळवार पेठेंत कोल्हापूर सिनेटोन उभें राहिलें. तेथें भालजी पेंढारकरांचा ‘आकाशवाणी’ आणि मास्टर विनायकांचा ‘विलासी ईश्वर’ हे बोलपट तयार झाले. १९४४ सालीं भालजींनीं तो स्टुडिओ घेतला आणि त्याला जयप्रभा हें नांव दिलें. तो काळ महायुद्धाचा होता. परदेशी जहाजांत फिल्मला जागा मिळेना. १९४३ सालीं कच्च्या फिल्मवर सरकारी परवान्याचें नियंत्रण आलें आणि पूर्ण बोलपटाची लांबी ११,००० फुटांच्या मर्यादेंत बांधली गेली. मिनिटास नव्वद फूट या हिशेबानें ती सुमारें दोन तासांची होते. लांबलचक कथानकें आणि डझनावारी गाणीं यांची संवय लागलेल्या निर्मात्यांना काटकसरीचा पाठ अखेर टंचाईनेंच दिला.

आणि त्या मोरींतल्या चांदीचें काय झालें? तिलाहि झारेकरी भेटला. जुन्या हायपोंत जस्ताची पूड टाकली कीं रुपें गाळ होऊन तळाशीं बसतें. सोडियम सल्फाइड घातलें तर काळा साका पडतो; तो वाळवून मुशींत आटविला कीं रुपें मिळतें. मात्र हें दुसरें काम रसायनशाळेपासून दूर करावें लागतें, कारण त्याची दुर्गंधी वाफ कोऱ्या फिल्मवर डाग पाडते. तिसरी रीत विजेची. १९३१ सालीं ईस्टमन कोडॅक कंपनीच्या संशोधनशाळेंतील हिकमन व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, हायपो सतत ढवळत ठेवून त्यांतून बेतानें वीज सोडली तर रुपें धातूच्या पत्र्यावर जमतें आणि हायपो पुन्हां वापरण्याजोगा राहतो. एकाच युक्तीनें दोन वस्तु वांचल्या. याहून चांगला झारेकरी कोणता?

येथवरची कथा शहाणपणाची आहे. पुढची तशी नाहीं.

हायपोंतलें रुपें वेंचतां वेंचतां धंद्याची नजर पट्टीवर राहिलेल्या रुप्याकडे गेली. चित्रपट गांवोगांवीं फिरून जुना झाला, पट्टीवर ओरखडे पडले, प्रेक्षक मिळेनासे झाले, कीं त्या रिळांना जागा अडविणारें ओझें मानण्यांत येई. त्या काळची पट्टी नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही. ती घरांत ठेवणेंहि भयाचें. उलट तिच्या थरांत चांदी होती आणि उरलेल्या पट्टीपासून वार्निशासारखे पदार्थ होत असत. हिशेबाच्या वहींत ती विकून टाकणें हेंच शहाणपण ठरे. हें केवळ येथेंच घडलें असें नाहीं. फ्रान्समध्यें झॉर्झ मेलिएस या आद्य चित्रपटकाराचीं शेंकडों रिळें पहिल्या महायुद्धांत रुपें आणि सेल्युलॉइड यांसाठीं वितळविलीं गेलीं; त्या सेल्युलॉइडच्या सैनिकी बुटांच्या टांचा झाल्या. उरलेल्या मूळ पट्ट्या मेलिएस यानें १९२३ सालीं हताश होऊन स्वतःच जाळल्या. हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ सालचा. आज त्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. त्याचीं उरलीं होतीं तीं रिळेंहि चांदी काढून घेण्यासाठीं गेल्याचें चित्रपट-संग्राहक पी. के. नायर यांना चौकशींत समजलें. देशांत सुमारें १,३०० मूकपट झाले. त्यांतले जेमतेम तीस उरले आहेत, आणि तेहि बरेचसे त्रुटित.

कोल्हापूरच्या वांट्यास या हानीचा मोठा भाग आला. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ सालचा मूकपट. सावकाराच्या कर्जापायीं जमीन गमावून बसलेल्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शांतारामांनीं त्यांत काम केलें होतें. पौराणिक चमत्कारांच्या त्या दिवसांत खेड्यांतील खरें दुःख पडद्यावर आणणारा म्हणून इतिहासकार त्याचें नांव घेतात. पुढें १९३६ सालीं तो बोलपट म्हणून पुन्हां निघाला. मूळ मूकपट आज कोणालाहि पाहतां येत नाहीं. ‘सैरंध्री’हि गेला. अमुक पट आगींत गेला, अमुक आपोआप कुजला, अमुक वितळविला गेला, अशी वांटणी करण्यास आज साधन नाहीं. परिणाम एकच आहे.

मंगळवार पेठेनें आगीचें रूप समक्ष पाहिलें. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दंगलींत जयप्रभा स्टुडिओ जाळण्यांत आला. ‘मीठभाकर’ चित्रपटाचें काम त्यांत भस्म झालें. किती फूट पट्टी, किती रात्रींचें धुणें, किती माणसांचे श्रम एका दिवसांत राख झाले! भालजींनीं तें चित्र पुन्हां आरंभापासून घेतलें आणि १९४९ सालीं तें पडद्यावर आणलें. जळालेली पट्टी परत येत नाहीं. पण नट जिवंत होते, कथा कागदावर होती, आणि करणाऱ्याची उमेद शाबूत होती, म्हणून चित्र परत आलें. मूकपटांच्या बाबतींत तसें होणें नव्हतें. ते गेल्याचें ध्यानांत आलें तेव्हां करणारे हात थकले किंवा मिटले होते.

पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. नायर यांनीं गांवोगांवचीं गोदामें, भंगारवाले आणि जुने चित्रपटगृहमालक यांच्याकडे हिंडून रिळें गोळा केलीं. सोनारआळींतला झारेकरी केरांत रुपें शोधी. हा झारेकरी रुप्याच्या भावानें विकल्या जाणाऱ्या केरांत चित्र शोधीत होता. त्याच्याहि कामास दृष्ट लागलीच. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्याच्या फिल्म संस्थेच्या आवारांतील, म्हणजे एके काळच्या प्रभातच्याच जागेंतील, नायट्रेट पट्ट्यांच्या कोठारास आग लागली आणि शेंकडों चित्रपटांच्या मूळ प्रती गेल्या. बऱ्याच चित्रपटांच्या नकला सुरक्षित पट्टीवर आधींच काढून ठेविल्या होत्या, म्हणून त्यांचें चित्र तरी उरलें.

या साऱ्या इतिहासांतून नासाडीविषयीं एक गोष्ट स्पष्ट होते. रसायनशाळेंतील माणसांनीं तिचे बहुतेक प्रकार ओळखले होते. मंदावलेला द्राव, तापलेलें पाणी, चुकलेला अंदाज, मोरींतली चांदी, या प्रत्येकावर त्यांनीं उपाय काढला आणि तो निष्ठेनें पाळला. हिशेबांत चुकलें तें एकच कलम. आज ज्याला गिऱ्हाईक नाहीं त्याला त्यांनीं केर मानलें. वहींत फुटांचा जमाखर्च होता, औंसांचा होता, रुपयांचा होता. पन्नास वर्षांनंतर तें चित्र पाहूं इच्छिणाऱ्या माणसासाठीं त्यांत रकानाच नव्हता.

झारेकऱ्यानें सोनाराच्या दुकानांतला केर वर्षानुवर्षें धुतला. पण चांदी हवी म्हणून कोणाच्या गळ्यांतला दागिना त्यानें पाटींत घातला नाहीं. केर कोणता आणि दागिना कोणता, हें त्याला नेमकें ठाऊक होतें.